जमिनीकडे बघत पळणारे

गोल्डनआय ००७ हा १९९७ सालचा, निन्टेंडो ६४ वरचा जेम्स बाँडचा गेम. त्यातला एखादा विक्रम होतानाचा व्हिडिओ पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की खेळणाऱ्याचा कंट्रोलर बिघडलाय. बाँड बहुतेक वेळ मान खाली घालून पळत असतो. आजूबाजूला गोळ्या सुटतायत, आणि पडद्यावर आपल्याला दिसते ती नुसती फरशी. रस्त्यात पडलेला रुपया शोधत चाललेल्या माणसासारखा हा जगप्रसिद्ध गुप्तहेर बंकर आणि बोगदे पार करतो. दाराशी पोचला की क्षणभर वर बघतो, दार उघडतो, की पुन्हा मान खाली.

कारण अगदी साधं आहे. त्या यंत्राला समोरचा देखावा दर क्षणी नव्याने काढावा लागतो. देखावा भरगच्च असला की यंत्र दमतं, चित्रं अडखळत येतात, आणि त्या अडखळण्यात पळणाराही मागे पडतो. घड्याळ मात्र थांबत नाही. फरशीकडे बघितलं तर काढायला फरशीच, म्हणजे काम कमी, आणि गेम सुरळीत. थोडक्यात काय, त्या यंत्रावर 'ग्राफिक्स कमी करा' असं बटण नव्हतं, म्हणून लोकांनी ते स्वतःच्या मानेत बसवलं!

माझी आत्या हे सगळं नेमाने वाचते, तेव्हा तिच्यासाठी थोडं थांबतो. स्पीडरनिंग म्हणजे व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवायचा, त्याचं रेकॉर्डिंग करायचं, आणि इतरांनी ते तपासून तुमची वेळ यादीत लावायची. पैसे जवळजवळ नाहीतच. मान आहे, तोही चार लोकांत. (आत्या, तुझ्या भजनी मंडळाच्या स्पर्धेसारखंच म्हण ना.) पण जिथे यादी आली तिथे वाद आला, आणि ह्या मंडळींचा एक फार जुना वाद आहे तो चित्रांचा. ज्याचा कॉम्प्युटर भारी त्याला चित्रं भराभर मिळतात, ज्याचा साधा त्याला अडखळत. मग विक्रम कुणाचा, माणसाचा की यंत्राचा? साध्या यंत्रवाल्याने चित्रं मुद्दाम भिकार करून वेग मिळवला तर ती लबाडी म्हणायची का? आणि चित्रं साधी केल्यावर जे एरवी दिसत नाही ते दिसायला लागलं तर?

हा प्रश्न मला वाटायचा त्यापेक्षा बराच जुना निघाला. स्पीडरनिंग ह्या शब्दाच्याही आधीचा.

१९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचा स्पेस इन्व्हेडर्स आला. टोमोहिरो निशिकाडो हे त्याचे कर्ते. परग्रहवासी रांगेने खाली येतात, आपण खालून गोळ्या मारायच्या. जसजसे ते मरत जातात तसतसे उरलेले जास्त वेगाने सरकतात, आणि शेवटचा एकटा तर पिसाळल्यासारखा धावतो. हा डाव रचून केलेला नव्हता. पडद्यावर एकूण ५५ परग्रहवासी, आणि यंत्र दर चित्रागणिक त्यातला एकच पुढे सरकवू शकायचं. ५५ जणांची एक फेरी पूर्ण व्हायला जवळपास सेकंद लागायचा, पाच उरले की फेरी चटकन संपायची. निशिकाडोंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं, कारण खेळायला मजा येत होती. म्हणजे चित्र काढायचा वेग आणि खेळाचा वेग ह्यांची गाठ अगदी सुरुवातीलाच पडलेली आहे.

आपल्याकडे ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर पाहिला त्यांना कॅबिनेटवरचं टर्बो नावाचं बटण आठवत असेल. नावावरून वाटायचं की हे दाबलं की कॉम्प्युटर विमानासारखा सुटणार. प्रत्यक्षात त्याचं खरं काम होतं यंत्र हळू करण्याचं. जुने गेम ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्राच्या तालावर लिहिलेले, ते ३८६ वर टाकले की इतके सुसाट धावायचे की खेळणं अशक्य. म्हणून वेग उतरवायची सोय. तेव्हा कुणी जागतिक यादी लावत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर ज्याचं यंत्र जुनं त्याला जास्त वेळ विचार करायला मिळतो अशी तक्रार नक्की आली असती.

आणि ह्याहून विचित्र म्हणजे देशावरून ठरणारी सेटिंग. अमेरिकेत आणि जपानमध्ये टीव्हीला सेकंदाला ६० चित्रं, पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी आणि आपल्याकडे पाल पद्धतीत ५०. मुळात हे विजेच्या पुरवठ्यावरून ठरलेलं. त्याचा परिणाम असा की कित्येक गेम पालच्या यंत्रांवर सहाव्या हिश्शाने हळू चालायचे, कारण कंपन्या ते नीट जुळवून घ्यायची तसदी घेत नसत. १९९१ चा सॉनिक, ज्याची ख्यातीच वेगाची, तो युरोपातल्या पोरांनी संथ पाहिला, आणि गेम असाच असतो अशी त्यांची समजूत. पुढे विक्रमांचं वेड लागल्यावर त्यातल्या अनेकांनी बाहेरदेशी यंत्रं मागवली. तुमच्या गावातली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून तुम्ही शर्यतीत मागे. ह्याच्यावर काय नियम करणार? काही ठिकाणी पालची यादीच वेगळी केली, काही ठिकाणी 'ज्याला जिंकायचंय त्याने अमेरिकन यंत्र घ्यावं' असं म्हणून सोडून दिलं.

आता डूम. १० डिसेंबर १९९३. ह्या बाबतीत डूमइतका न्यायी गेम मी दुसरा पाहिलेला नाही, आणि गंमत म्हणजे न्याय करायचा म्हणून कुणी तो तसा केला नव्हता. डूमचं आतलं घड्याळ सेकंदाला बरोबर ३५ ठोके देतं, चित्रं निघोत न निघोत. यंत्र दमलं तर ते चित्र गाळतं, ठोका गाळत नाही. शिवाय रेकॉर्डिंग म्हणजे व्हिडिओ नव्हेच. कुठल्या ठोक्याला तुम्ही काय दाबलंत त्याची नुसती यादी, काही किलोबाइटची फाइल. ती फाइल कुणीही आपल्या यंत्रावर चालवायची, की तुमचा खेळ जसाच्या तसा पुन्हा घडतो. १९९४ मध्येच अशा फाइली गोळा करणाऱ्या याद्या सुरू झाल्या, कॉम्पेट-एन ही त्यातली गाजलेली. ३८६ वाला आणि पेंटियमवाला एकाच यादीत, आणि वेळ मोजायची ती ठोक्यांत.

अर्थात ३८६ वाल्याला दिसायचं कमीच. त्यासाठी डूममध्ये वजाचं बटण होतं. दाबत गेलं की खेळाची चौकट लहान लहान होत पोस्टाच्या तिकिटाएवढी व्हायची, भोवती नुसती नक्षी. एफ५ दाबलं की चित्र आणखी ढोबळ. एफ११ ने उजेड वाढायचा आणि अंधाऱ्या खोलीतला राक्षस दिसायचा. ह्यातलं सगळं चालायचं. कुणी म्हटलं नाही की अमक्याने उजेड वाढवून विक्रम केला. कारण ही बटणं सगळ्यांच्याच कीबोर्डवर होती. मला ह्यात एक मोठी गोष्ट दिसते: गरीब यंत्रवाल्याला चित्र टाकून वेग घ्यायची मोकळीक होती, आणि श्रीमंत यंत्रवाल्याला ३५ ठोक्यांच्या वर जायची सोय नव्हती. खाली मोकळीक, वर छत. पुढे तीस वर्षं लोक नियम करकरून जे साधायला बघत होते ते इथे आपसूक होतं.

तीन वर्षांत ते बिघडलं. १९९६ चा क्वेक हा खऱ्या अर्थाने त्रिमित गेम, आणि त्यात हालचालीचं गणित चित्रांच्या वेगाला बांधलेलं. सेकंदाला जास्तीत जास्त ७२ चित्रं अशी वेस मात्र गेममध्येच घातलेली होती. ह्याच क्वेकवर स्पीडरनिंग वयात आलं. जून १९९७ मध्ये एका टोळीने सगळ्यात कठीण पातळीवर अख्खा गेम १९ मिनिटं ४९ सेकंदांत संपवला, आणि तीन वर्षांनी तो १२ मिनिटं २३ सेकंदांवर आला. पुढे इतरांनी क्वेकच्या सुधारित आवृत्त्या काढल्या, ज्यात सेकंदाला शेकडो चित्रं मिळू शकतात, तरी विक्रमवाल्यांनी ७२ ची वेस कायम ठेवली. नव्या यंत्रावर आज ७२ म्हणजे काहीच नाही. पण वेस काढली असती तर १९९७ च्या माणसाशी तुलनाच उरली नसती.

उजेडाचा आणि पारदर्शकतेचा प्रश्नही क्वेकनेच आणला. जानेवारी १९९७ मध्ये ग्राफिक्स कार्डासाठीची आवृत्ती आली. साध्या आवृत्तीत पाणी म्हणजे अपारदर्शक हिरवट गढूळ पडदा, त्यात दडून बसता यायचं. कार्डवाल्याला मात्र एक आकडा बदलून पाणी आरपार करता यायचं! म्हणजे एक जण डबक्यात लपलाय आणि ज्याच्याकडे महागडं कार्ड आहे त्याला तो काठावरून दिसतोय. शेवटी एकमेकांविरुद्ध खेळायच्या सर्व्हरवर त्यासाठी वेगळी खूण ठेवावी लागली: चालवणाऱ्याने परवानगी दिली तरच पाणी पारदर्शक. ग्राफिक्स सेटिंगवर लोकांनी बसून केलेले जे पहिलेवहिले नियम असतील त्यात ह्याची गणना करायला हरकत नाही.

हॉस्टेलच्या लॅनवर आम्ही खेळलो तो ह्याचा नातू, १९९९ चा क्वेक ३. बहुतेकांकडे बोर्डावरचंच ग्राफिक्स, आणि मजल्यावर एकाकडे वेगळं कार्ड. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असते, तसा त्या कार्डवाल्याचा तोरा. तो आमच्यापेक्षा उंच उडी मारतो अशी आमची तक्रार असायची, आणि तो हसायचा.

तर मंडळी, तक्रार खोटी नव्हती. क्वेक ३ मध्ये चित्रांचा वेग बदलला की उडी खरोखर बदलते. गेम वेळ मोजतो पूर्ण मिलिसेकंदांत, आणि प्रत्येक चित्रागणिक वेगाचा आकडा पूर्णांकात बसवतो. सेकंदाला १२५ चित्रं म्हणजे एका चित्राला बरोबर ८ मिलिसेकंद, आणि त्या हिशोबात अपूर्णांकाची जी काटछाट होते ती उडी मारणाऱ्याच्या पथ्यावर पडते. वाण्याने दर वेळी दहा पैसे आपल्या बाजूने सोडावेत तसं. एक-दोन इंच जास्तीची उडी, पण काही नकाशांत तेवढ्याने फरक पडतो. तेराव्या नकाशातल्या मेगाहेल्थवर पोचवणारी प्रसिद्ध उडी १२५ चित्रांवर साधते आणि ६० वर साधत नाही. सन २००० मध्ये सलग १२५ चित्रं मिळायला चांगलं कार्ड लागे. म्हणून मग जगभरचे कसलेले खेळाडू भिंतींचा पोत पुसून टाकायचे. पिकमिप नावाची सेटिंग वाढवली की दगडी भिंत, गंजका पत्रा, कोरीव खांब सगळं जाऊन डिस्टेंपर मारल्यासारखे सपाट रंग उरतात. कलाकारांनी महिनोन् महिने राबून काढलेला गेम सगळ्यात चांगले खेळाडू सगळ्यात कुरूप करून खेळत होते.

ह्यावर उपाय नंतर गेममध्येच आला. हालचालीचं गणित चित्रांपासून तोडून ठरावीक ८ मिलिसेकंदांच्या ठोक्यावर करायची सोय. डीफ्रॅग हा निव्वळ उड्या आणि शर्यतींचा खेळप्रकार क्वेक ३ वरच उभा राहिला, आणि त्या मंडळींनी ही सोय उचलून धरली. लक्षात घ्या, त्यांनी सगळ्यांना ६० वर आणलं नाही. चुकीने मिळणारा १२५ चा फायदा सगळ्यांना वाटून टाकला, बोर्डावरच्या ग्राफिक्सवाल्यांनासुद्धा. हा मला फार शहाणपणाचा निवाडा वाटतो. आमच्या मजल्यावर तो तेव्हा पोचला नाही एवढंच.

अशा ठिकाणी पहिला सुचणारा नियम असतो 'सगळ्यांनी एकच सेटिंग ठेवा'. ऐकायला समतेचा वाटतो. पण एकच सेटिंग म्हणजे भारी यंत्रवाल्याला काहीच त्रास नाही आणि जुन्या यंत्रवाल्याचं कंबरडं मोडलं. सगळ्यांना सारखंच दप्तर उचलायला लावण्यासारखं आहे हे, पहिलीतल्या पोरालाही आणि दहावीतल्यालाही. सारखेपणा आणि न्याय ह्यांत इथे सरळ भांडण लागतं, आणि ज्यांच्या याद्या टिकल्या त्यांनी बहुतेक वेळा सारखेपणा सोडला असं मला दिसतं.

जलतरणातलं उदाहरण आठवतं. २००८ ते २००९ ह्या काळात पॉलियुरेथेनचे अंगाला घट्ट बसणारे पोशाख आले, आणि २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली, पण झालेले विक्रम पुसले नाहीत. पुढच्या पिढीला साध्या कापडात पोहून प्लॅस्टिकमधल्या वेळेशी झुंजावं लागलं. स्पीडरनवाल्यांना तेवढं तरी सोपं आहे, ते यादी दुभंगू शकतात.

२०१९ च्या रेसिडेंट ईव्हिल २ च्या नव्या आवृत्तीत तेच झालं. त्यात एक सुरी आहे. पात्यांचा घाव चित्रागणिक मोजला जात असल्यामुळे सेकंदाला चित्रं जास्त तर घाव जास्त. त्याच माणसाच्या हातातली तीच सुरी महागड्या यंत्रावर जास्त कापते! मग ६० चित्रांची यादी वेगळी आणि १२० ची वेगळी झाली. उलटंही घडलेलं आहे: २०१४ च्या डार्क सोल्स २ मध्ये पीसीवर ६० चित्रांनी खेळणाऱ्यांची हत्यारं ३० वाल्यांच्या दुप्पट वेगाने झिजायची, आणि ती चूक पुढच्या वर्षी दुरुस्त झाली. भारी यंत्र घेतल्याची शिक्षा. वाचून मला उगाच बरं वाटलं.

यादी दुभंगण्यात तोटा आहेच. चार फाटे फुटले की प्रत्येक फाट्यावर खेळणारे मूठभर उरतात, आणि मूठभरांत पहिलं येण्यात काय मजा? शिवाय १२० ची यादी ही शेवटी पैशाची यादी. पण निदान ६० वाल्याला सांगता येतं की मी माझ्यासारख्यांत पहिला आहे.

माझा भाचा माइनक्राफ्ट खेळतो, वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर. 'मामा, मी सगळं लो वर ठेवतो, ते चीटिंग आहे का?' असं त्याने विचारलं आणि त्यावरूनच मी हे सगळं खणत बसलो. माइनक्राफ्टवाल्यांनी ह्या बाबतीत केलेलं काम वाचून मला खरंच कौतुक वाटलं. गेम सुरू करताना नवीन जग तयार व्हायला हळू यंत्राला जास्त वेळ लागतो, तर तो वेळ विक्रमात धरतच नाहीत. किती लांबचं दिसावं हे ज्याचं त्याने ठरवावं, हवं तर खेळता खेळता बदलावं. सोडियम नावाचं एक मोफत जोड-सॉफ्टवेअर आहे, चित्र काढायचं काम हलकं करणारं. नव्या आवृत्त्यांसाठी ते चालतं. एरवी बाहेरचं बहुतेक काही जोडणं म्हणजे बाद, पण हे चालतं, कारण ते खेळ बदलत नाही, फक्त जुन्या लॅपटॉपला धाप लागू देत नाही. आणि भिंतीपलीकडचं दाखवणारं किंवा काळोखच नाहीसा करणारं जोड मात्र बाद. तेव्हा भाच्याला सांगितलं, बिनधास्त लो वर ठेव.

पण रेघ कुठे ओढायची हे तिथेही सोपं नाही. त्यांच्या गेममध्ये एक पाय-चार्ट आहे. गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच्या तपासणीसाठी ठेवलेला, यंत्राचा वेळ कशावर खर्च होतोय ते दाखवणारा. पोरांच्या लक्षात आलं की जमिनीखाली न दिसणारी पेटी किंवा राक्षसांचा पिंजरा जवळ आला की चार्टमधला एक तुकडा फुगतो. म्हणजे डोळ्यांना दिसत नसलेलं यंत्राच्या दमण्यावरून ओळखायचं! बारशाच्या घरी स्वयंपाकाच्या पातेल्यांवरून पाहुणे किती ते ओळखावं तसं. हे नियमात बसतं. काहींना आवडत नाही, मला आवडतं. कारण तो चार्ट सगळ्यांकडे आहे, आणि तो वाचायला शिकावा लागतो. गोल्डनआयवाल्यांच्या खाली घातलेल्या मानेचंच हे भावंड. त्यांच्या धरणाच्या पातळीचा ५३ सेकंदांचा विक्रम २००२ ला झाला आणि ५२ व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. तिथलं घड्याळ पूर्ण सेकंदच दाखवतं. एका सेकंदासाठी पंधरा वर्षं माना खाली! त्या वर्षांत कुणाला जास्त महागडं निन्टेंडो विकत घेता आलं नाही, कारण तसं नव्हतंच.

उजेडाचं कोडं मात्र तसंच आहे. गेममधला उजेड किती वाढवावा ह्यावर माइनक्राफ्टमध्ये मर्यादा आहे, आणि ती पाळली का ते तपासता येतं. पण मॉनिटरला स्वतःचं बटण असतं. खास गेमसाठीच्या मॉनिटरांत तर फक्त काळोखे भाग उजळणारी वेगळी सेटिंग असते. रेकॉर्डिंग होतं ते कॉम्प्युटरमधून निघणाऱ्या चित्राचं, मॉनिटरवर दिसणाऱ्या चित्राचं नव्हे. खेळणाऱ्याने ते बटण पूर्ण फिरवलेलं असलं तरी व्हिडिओत सगळं काळोखंच दिसणार. तपासणारा तो काळोख बघतो, 'बरोबर आहे' म्हणतो, आणि वेळ यादीत लावतो.